ताजा गोबरा कढईत का फुटतो?

सकाळी साडेसहाला गरीला लागलेला मासा दुपारी एकला कढईत. यापेक्षा ताजा मासा कुठून आणायचा? तरी तुकडी उलटायला कालथा घातला की अर्धी कालथ्यावर, अर्धी कढईत. पापुद्रे सुटे होतात, मधे मऊ लगदा राहतो, आणि काट्याजवळ हलकासा उग्र वास. आई एकच वाक्य बोलायची, "मासो ताजो म्हणतंस, तर तुकडी रवना नाय ती कित्याक?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन मोसम नव्हतं.

आम्ही गरवायला जातो ते मालवणहून बाहेर, दीड तासाच्या अंतरावर बुडून पडलेल्या एका बार्जच्या, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू जहाजाच्या, सांगाड्यावर. सोळा वाव पाणी, म्हणजे एकोणतीस मीटरच्या आसपास. भोवती सगळी रेती आणि चिखल, मधेच हे लोखंड. शेवाळ, शिंपले, खेकडे, बारीक मासळी सगळं त्याला चिकटलेलं, आणि ते खायला गोबरे, तांबोशी, पालू आतल्या अंधारात बसलेले. जाळं फाटतं म्हणून जाळीवाले तिकडे फिरकत नाहीत, म्हणून गरीवाल्याला थोडं तरी शिल्लक राहतं. लहान मासे नीट तळले जायचे. दगा द्यायचा तो मोठा गोबरा. चार किलोच्या पुढचा, ज्याच्यासाठी एवढं पेट्रोल जाळलं तोच.

आधी काय काय चुकीचं धरलं ते सांगतो, कारण तुम्हीही बहुधा तिथेच अडकला असाल. पहिला संशय तेलावर: पुरेसं तापलं नसेल. मग रव्यावर, मग आगळावर, म्हणजे कोकमाच्या रसावर, आंबटाने मांस सुटत असेल. मग "मोठा गोबरा जूनच असतो, तो सारातच घालायचा" हे शेजारचं मत. सगळं करून पाहिलं. तांदळाचं पीठ लावून, बिडाच्या तव्यावर, आगळ न लावता. तुकडी फुटायची ती फुटलीच.

उलगडा झाला तो एका नोव्हेंबरातल्या फेरीत. त्या दिवशी तीन मासे होते: पाच किलोचा गोबरा, दीड किलोचा गोबरा आणि दोन किलोची तांबोशी. वेळ तीच, बर्फ तोच, कापणारी आई तीच. दोन लहान मासे अखंड तळले, मोठा फुटला. फरक शोधताना मला आठवली ती पेटी. थर्माकोलची, आतून जेमतेम दीड फूट लांब. पाच किलोचा गोबरा सव्वादोन फूट भरतो. मी तो शेपटी मुडपून कोंबला होता, नेहमी कोंबायचो तसाच. घरी पोचेस्तोवर तो धनुष्यासारखा ताठ झालेला. ओट्यावर घेऊन दोन्ही हातांनी दाबून सरळ केला, तेव्हा आतून करकर असा बारीक आवाज आला होता. मी तो ऐकला होता आणि सोडून दिला होता.

आप्पांना सांगितलं. आप्पा आमचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, नात्याने काका, बोलणं मोजून. ते म्हणाले, "पेटयेत वाकडो निजलो तो मासो घराक सरळ कसो येतलो?"

झालं होतं ते असं. माशाचं मांस म्हणजे एकावर एक ठेवलेले पातळ थर, आणि थरांच्या मधे त्यांना धरून ठेवणारा नाजूक पडदा. मासा मेल्यावर काही तासांत स्नायू आखडतात आणि तो लाकडासारखा ताठ होतो. ज्या आकारात ताठ झाला त्याच आकारात तो थांबतो. त्या अवस्थेत जोर लावून सरळ केला की मधले पडदे फाटतात. वरून कातडी शाबूत, आतून मांस सुटं. कापताना कळत नाही, कढईत कळतं. लहान मासे पेटीत सरळ मावत होते म्हणून वाचत होते. तेल, रवा, आगळ सगळे निर्दोष.

तेव्हा तुमची तुकडी फुटत असेल तर पहिला प्रश्न पेटीचा. मासा तिच्यात सरळ, पोटावर किंवा कुशीवर, शेपटी न मुडपता मावतो का? मावत नसेल तर पुढचं वाचायच्या आधी पेटी बदला. आणि ताठ झालेला मासा कधीही ओढून सरळ करू नका. वाकडा तर वाकडा, तसाच बर्फात राहू द्या. दुसऱ्या दिवशी तो आपोआप सैल पडतो.

पेटी बदलल्यावर निम्मं दुखणं गेलं. उरलेलं निम्मं होडीवरच्या इतर सवयींत होतं. ते शोधायला आणखी एक मोसम गेला.

पहिली सवय: मासा दमवून मारणं. सांगाड्यावरचा गोबरा आमिष घेतो आणि तडक भोकाकडे वळतो. पहिल्या दोन वावांत त्याला वर उचलला तर उचलला, नाहीतर तो आत घुसतो, कल्ले फुगवून, काटे उभारून लोखंडात रुतून बसतो. मी पूर्वी तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, हाताला गुंडाळून ओढत राहायचो. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. हात कापायचा, तंगूस घासून तुटायचा, आणि क्वचित मासा आलाच तर पार थकलेला. थकून मेलेल्या माशाच्या अंगातली ताकद आधीच संपलेली असते, म्हणून तो लवकर आणि जास्त कडक ताठतो, आणि मांस अधिक सुटतं. आता मासा भोकात गेला की मी तंगूस पूर्ण सैल सोडतो, होडीच्या कडेला हलकेच धरून बसतो. ओढ थांबली की पाच-सात मिनिटांत बऱ्याचदा तो आपणहून तोंड बाहेर काढतो. तंगूस सरकताना बोटाला कळतं. तेव्हा एकदाच, न थांबता, हात मारत वर घ्यायचा.

दर फेरीला गरी अडकून तुटते ही तक्रारही याच्याच पोटातली. गरी तळाला नेणारं वजन, म्हणजे शिसं, मुख्य तंगुसाला थेट बांधू नका. हातभर हलक्या, निम्म्या ताकदीच्या तंगुसाने लोंबतं ठेवा. लोखंडात अडकतं ते बहुतेक वेळा शिसंच. हलका तुकडा तुटतो, गरी आणि मासा वाचतो. आणि दिवस निवडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात सोळा वावांवर शिसं तळाला टेकतच नाही, वाहत जाऊन सांगाड्याच्या कुशीत शिरतं. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीला, पाणी मंद असतं, गरी उभी उतरते. नांगर सांगाड्यावर टाकायचा नाही, प्रवाहाच्या वरच्या अंगाला रेतीत टाकायचा आणि दोर सोडत होडी मागे आणायची. आप्पा पहाटे मतलई, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या, वाऱ्यावर निघतात आणि वायव्येचा वारा धरायच्या आत परततात. त्यामुळे मासाही उन्हात कमी राहतो, हा फायदा मला फार उशिरा लक्षात आला.

दुसरी सवय: मासा तसाच तडफडत मरू देणं. फळीवर आपटून आपटून तो मेला की मांसात रक्त साकळतं, जागोजागी लाल डाग दिसतात. आता मी मासा वर आला की डोळ्याच्या मागे, जरा वरच्या अंगाला सळई टोचतो. अंग एकदम थरारतं, तोंड उघडतं, मग शांत. लगेच दोन्ही बाजूंचे कल्ले कापून डोकं खाली करून समुद्राच्या पाण्याच्या बादलीत पाच मिनिटं. बादली लालभडक होते. ते रक्त पुढे वास देणार होतं.

हे करताना हात सांभाळा. गोबऱ्याच्या कल्ल्याच्या झाकणावर चपटे काटे असतात आणि पाठीवर अकरा. तांबोशीचे सुळे बोट सोलतात. शिंगाळा हा मिशाळ मासा लागला तर त्याचे तीन काटे, पाठीवरचा एक आणि बाजूच्या परांचे दोन, विषारी असतात. टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. उष्णतेने ते विष निकामी होतं आणि ठणका उतरतो. त्यासाठी आम्ही थर्मासमध्ये गरम पाणी नेतो. चहाला वेगळा थर्मास, त्यावरून भांडणं झाली आहेत.

तिसरी सवय पोटाची. एकोणतीस मीटरवर दाब वरच्यापेक्षा जवळजवळ चौपट असतो. तिथला मासा झपझप वर आणला की त्याच्या पोटातली हवेची पिशवी तितकीच फुगते आणि जठर उलटं होऊन तोंडातून फुग्यासारखं बाहेर येतं. मी तो फुगा अंगठ्याने आत कोंबायचो, दिसायला वाईट म्हणून. आत काय होत होतं? काळीज, म्हणजे यकृत, चेपत होतं, आणि काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटत होती. घरी पोट उघडलं की आतली बाजू पिवळी-हिरवी आणि पोटाकडची तुकडी कडू. त्या कडवटपणावर लिंबू, मीठ, हळद काही चालत नाही. डागाळलेलं मांस कापून टाकणं एवढंच. तेव्हा तो फुगा तसाच राहू द्या. बारका मासा परत सोडायचा असेल तर तो फुगा फोडूही नका. ती हवेची पिशवी नव्हे, त्याचं जठर आहे. सोडायचा मासा लगेच पाण्यात घालावा, तरी सोळा वावांवरून आलेले बरेच तरंगत राहतात. म्हणून आमचा नियम असा की लागोपाठ दोन बारके आले की जागा बदलायची. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, ते एक कारण आहेच. दुसरं कारण गोबऱ्याचंच. तो जन्मतो मादी आणि वाढून मोठा झाल्यावर नर होतो. एका सांगाड्यावरचे सगळे मोठे काढले तर मागे उरतात फक्त माद्या. मोठा मिळाला की त्या दिवशी आम्ही दुसरा मोठा धरत नाही. आप्पा याला हिशेब म्हणतात, मी त्याला आप्पांची माया म्हणतो.

पोट होडीवरच साफ करायचं, मासा ताठ व्हायच्या आत. गुदद्वारापासून गळ्यापर्यंत, सुरीची धार वरच्या दिशेला ठेवून, टोक खोल न घालता. धार खाली ठेवली की आतडं चिरतं आणि अर्धवट पचलेल्या खेकड्यांचा चिखल मांसाला लागतो. कल्ले आणि आतडी एकाच ओढीत निघतात. मग पाठीच्या काट्याला आतून चिकटलेली काळी-लाल पट्टी दिसेल. तिच्यावरचा पातळ पडदा सुरीने चिरून जुन्या टूथब्रशने घासून काढा. आमच्या घरचा काट्याजवळचा उग्र वास या पट्टीचा होता. धुवायला समुद्राचंच पाणी, पण बंदरातलं नव्हे, बाहेरचं.

मग बर्फ. मी लादीचे मुठीएवढे तुकडे टाकून वर मासा ठेवायचो. बर्फ माशाला चार ठिकाणी टेकतो, बाकी सगळी हवा. आणि गोबरा जाड, त्याचं अंग मधे तासन्‌तास कोमट राहतं. उष्ण अंगात ताठरपणा आला तर पडदे आणखी फाटतात. आता लादी गोणपाटात घालून दांडक्याने बारीक फोडतो आणि त्यात समुद्राचं पाणी ओततो, बर्फ दोन वाटे, पाणी एक. त्या चिखलात मासा सगळीकडून गार होतो. बर्फ माशाच्या वजनाइतका तरी हवा, मे महिन्यात त्याहून जास्त. दीड-दोन तासांनी पाणी काढून टाकायचं आणि कोरड्या बारीक बर्फात मासा सरळ निजवायचा, पोटातही बर्फ भरायचा. वितळलेलं पाणी साचू देऊ नका, मासा त्यात भिजत राहिला की मांस पाणी पितं.

हे सगळं करूनही एका फेरीत माशाला डिझेलसारखा वास आला. लगेच चर्चा: जहाजाचं तेल! या शंकेला आधार आहे. १६ सप्टेंबर २०२२ ला रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रात पार्थ नावाचं डांबर नेणारं जहाज बुडालं, एकोणीस माणसं तटरक्षक दलाने वाचवली. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईबाहेर कोळसा नेणारं राक कॅरियर बुडालं, तेव्हा तेल वाहत किनाऱ्याला आलं होतं. नुकत्याच बुडालेल्या, तेल गळणाऱ्या जहाजाच्या आसपास गरवू नये, आणि कच्च्या मांसाला तेलाचा वास असेल तर तो मासा खाऊ नये. शिजवल्याने तो वास जात नाही. पण आमची बार्ज जुनी, पाणी स्वच्छ. शेवटी आप्पांनी फळ्या उचलल्या. पेट्रोलच्या कॅनचं झाकण ढिलं होतं, तळात थेंब थेंब साठलं होतं, आणि आम्ही मासा तिथेच फळीवर साफ केला होता. तर जहाजाला दोष देण्याआधी आपल्या होडीचा तळ हुंगा.

मोठ्या गोबऱ्याच्या मांसात कधी पांढुरके, दोऱ्यासारखे किडे दिसतात. ते सडल्याची खूण नव्हेत, जिवंत माशातही असतात. सुरीच्या टोकाने काढा आणि मासा पूर्ण शिजवा, अर्धकच्चा नको.

आता घरातला भाग, जिथे मला सगळ्यात जास्त विरोध झाला. मोठा गोबरा त्याच दिवशी कापू नका. पोट साफ केलेला अख्खा मासा रात्रभर बर्फात किंवा फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा, सकाळी दाबून बघा. शेपटी धरून उचलल्यावर अंग लवायला लागलं की कापा. ताठ असताना कापलं तर आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, जोर लागतो आणि तो जोर मांस फाडतो. "आजचो मासो आज" हे बांगड्या-तारल्यांना खरं, त्यांना तर अगदी खरं. पाच किलोच्या गोबऱ्याला नाही. आईला हे पटायला एकाच माशाचा अर्धा भाग आज आणि अर्धा उद्या तळून दाखवावा लागला.

खवल्यांचं म्हणाल तर तांबोशीची मोठी असतात, बादलीत पाण्याखाली शेपटीकडून डोक्याकडे कोयतीच्या पाठीने काढली की उडत नाहीत. गोबऱ्याची बारीक आणि कातडीत रुतलेली. आधी खडं मीठ चोळून बुळबुळ काढा, मग घासा. तरी निघाली नाहीत तर कातडीच सोलून टाका, सारासाठी कातडी हवी असेल तरच झटापट करा. मधला काटा तोडताना कोयता उगारून घाव घालायचा नाही, सगळी तुकडी हादरते. कोयता काट्यावर टेकवायचा आणि पाठीवर लाकडी दांडक्याने एक ठोका.

शेवटची सवय आईची होती, आणि ती मी सांगेपर्यंत तिला सवय वाटतच नव्हती. वास जावा म्हणून ती तुकड्या हळदीच्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवायची. वास गेला होता तो बाहेर, काट्यावरच्या पट्टीबरोबर. पाण्याने फक्त मांस फुगत होतं. आता एकदा धुऊन, फडक्याने टिपून, मीठ-हळद-आगळ पंधरा मिनिटं, आणि सुटलेलं पाणी ओतून द्यायचं. मग रवा.

मोठी पेटी घ्यायला जागा नसेल, तर आप्पांची युक्ती आहे. मासा मऊ असतानाच होडीवर डोकं उतरवायचं. गोबऱ्याचं डोकं म्हणजे लांबीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, धड मग दीड फुटी पेटीत सरळ बसतं. आम्ही हल्ली साडेतीन फुटी फायबरची पेटी नेतो, तिची गरज उरलेली नाही. तरीही दर फेरीला आप्पा डोकं उतरवतातच, आणि बंदरावर उतरलो की ते त्यांच्या पिशवीत असतं, तिरफळं घालून सार करायला.